ग्रीक-रोमन ग्रंथांच्या वाचनासाठी संदर्भसाधने : हैदराबादची परंपरा आणि आजचा शिक्षक

प्रास्ताविक

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आपल्या आत्मकथनात एक प्रसंग नमूद केला आहे. तरुणपणी त्यांनी ॲरिस्टॉटलचा 'मा बाद अल-तबीआ' म्हणजे सत्ताशास्त्रावरील ग्रंथ चाळीस वेळा वाचला. ग्रंथ तोंडपाठ झाला, परंतु त्याचे प्रयोजन काय हे समजेना. हा ग्रंथ समजण्याचा मार्गच नाही, असे मानून त्यांनी आशा सोडली. पुढे एके दिवशी ते असरच्या वेळी पुस्तकविक्रेत्यांच्या बाजारात गेले असता एका दलालाने एक लहानसे पुस्तक त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते नाकारले. मालकाला पैशाची नड आहे, तीन दिरहमला मिळेल, असे दलाल म्हणाला, तेव्हा त्यांनी ते घेतले. ते अबू नस्र अल-फाराबी यांचे ॲरिस्टॉटलच्या त्या ग्रंथाच्या उद्दिष्टांवरील पुस्तक होते. घरी जाऊन ते वाचताच मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडला, कारण मूळ ग्रंथ मुखोद्गत होताच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कृतज्ञतेपोटी गोरगरिबांना दानधर्म केला.

या प्रसंगातील पुस्तक म्हणून सामान्यतः ज्या निबंधाकडे बोट दाखवले जाते, तो 'मकाला फी अगराद मा बाद अल-तबीआ' हा निबंध हि. स. १३४९ (इ. स. १९३०–३१) मध्ये हैदराबाद येथील दायरतुल मआरिफने छापून प्रसिद्ध केला. छापील स्वरूपात तो अवघ्या काही पानांचा आहे. एक बुद्धिमान वाचक चाळीस वाचनांनी जेथे पोहोचू शकला नाही, तेथे काही पानांच्या मार्गदर्शिकेने त्याला पोहोचवले.

ग्रीक आणि रोमन वाङ्मय शिकवणाऱ्या आजच्या शिक्षकाची अडचण याच जातीची आहे. 'पोएटिक्स', 'रिपब्लिक', 'ईडिपस' ही नावे साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात येतात. विद्यार्थी बाजारातील प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेवरून व्याख्या पाठ करतो, परंतु ग्रंथ त्याच्यापुढे उघडत नाही. प्रस्तुत लेखात अशा ग्रंथांच्या वाचनासाठी लागणाऱ्या संदर्भसाधनांचे स्वरूप, त्या बाबतीत हैदराबाद शहराने केलेले कार्य आणि कम्युनिटी कॉलेजातील शिक्षकास त्याचा करता येण्याजोगा उपयोग यांचा विचार केला आहे.

मार्गदर्शिका म्हणजे काय?

फाराबींच्या निबंधाची रचना पाहिली की चांगल्या मार्गदर्शिकेची लक्षणे ध्यानात येतात. आरंभी ते वाचकाचा गैरसमज दूर करतात. या ग्रंथात केवळ ईश्वर, बुद्धी आणि आत्मा यांचीच चर्चा असणार, अशा अपेक्षेने लोक तो उघडतात आणि गोंधळतात. वस्तुतः त्याचा विषय अस्तित्वमात्राचा, म्हणजे सर्व शास्त्रांना समान असणाऱ्या तत्त्वांचा आहे, असे ते स्पष्ट करतात. त्यानंतर उपलब्ध भाष्यांची स्थिती सांगतात : प्राचीनांची टीका केवळ 'लाम' या प्रकरणावर मिळते, त्यातही अलेक्झांडरची अपूर्ण आणि थेमिस्टियसची पूर्ण आहे. शेवटी प्रत्येक प्रकरणाचा हेतू एकेक-दोन वाक्यांत देतात. विषय कोणता, साहाय्य कोठे मिळेल आणि कोणता भाग कशासाठी आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की मार्गदर्शिकेचे काम झाले. मूळ ग्रंथाऐवजी वाचण्याचा तो सारांश नव्हे. इब्न सीनांना त्या पुस्तकाचा लाभ झाला, कारण त्यांनी मूळ ग्रंथ आधी वाचलेला होता.

अशा साधनांची परंपरा ग्रीकांच्या उत्तरकाळातच सुरू झाली होती. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी याने ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांसाठी 'ईसागोगे' नावाची पुस्तिका लिहिली. या ग्रीक शब्दाचा अर्थच 'प्रवेशिका' असा आहे. तेराव्या शतकात असीरुद्दीन अल-अबहरी यांनी याच नावाने अरबीत तर्कशास्त्राचे लहान पाठ्यपुस्तक तयार केले आणि 'ईसागोजी' या नावाने ते भारतीय मदरशांच्या अभ्यासक्रमात रुजले. जिन्स, नौअ, फस्ल, खास्सा आणि अर्ज-ए-आम ही पाच सामान्ये पाठ करणारा विद्यार्थी पॉर्फिरीच्या पुस्तिकेचाच विषय शिकत असतो. मुल्ला निजामुद्दीन सिहालवी (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्स-ए-निजामीत युक्लिडच्या पहिल्या प्रकरणाचाही समावेश होता. ग्रीक ग्रंथ आपल्या शिक्षणपरंपरेला सर्वस्वी परके आहेत, ही समजूत त्यामुळे दुरुस्त करावी लागते.

आठ प्रश्नांची चौकट

अलेक्झांड्रियाच्या उत्तरकालीन अध्यापकांनी कोणताही ग्रंथ शिकवण्यापूर्वी काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे देण्याची पद्धत पाडली. अरबी परंपरेत ती 'रऊस-ए-समानिया' म्हणजे आठ शीर्षके म्हणून स्थिरावली. तफ्ताजानी यांच्या 'तहजीबुल मंतिक' या तर्कग्रंथाच्या अखेरीस त्यांची नोंद आहे. ती आठ शीर्षके अशी : (१) ग्रंथाचा हेतू, (२) त्याचा उपयोग, (३) शीर्षकाचा अर्थ, (४) कर्ता, (५) ग्रंथ कोणत्या शास्त्रातला, (६) अभ्यासक्रमातील त्याचे स्थान, म्हणजे कशाच्या आधी व कशाच्या नंतर वाचावा, (७) त्याचे विभाग, (८) त्यातील प्रतिपादनाची पद्धत.

मराठी व संस्कृतच्या शिक्षकांना यावरून अनुबंधचतुष्टयाची आठवण होईल. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध ग्रंथारंभी सांगण्याची आपल्याकडील शास्त्रकारांची रीत याच गरजेतून आली आहे. दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्यास एक फरक जाणवतो. अनुबंधचतुष्टयात वाचकाच्या पात्रतेचा विचार स्वतंत्रपणे येतो, तर आठ शीर्षकांत ग्रंथाच्या अंतर्गत विभागांचा व क्रमाचा विचार अधिक बारकाईने होतो. वर्गात दोन्हींचा मेळ घालता येतो.

हैदराबाद : दायरतुल मआरिफचे कार्य

दायरतुल मआरिफची स्थापना १८८८ मध्ये हैदराबाद येथे झाली. नवाब इमादुल मुल्क सय्यद हुसेन बिलग्रामी, मुल्ला अब्दुल कय्यूम आणि मौलाना अनवारुल्लाह फारुकी ही नावे तिच्या स्थापनेशी निगडित आहेत. दुर्मीळ अरबी हस्तलिखिते मिळवून, त्यांच्या प्रती ताडून ती छापणे हे या संस्थेचे मुख्य काम होते. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली. हदीस, चरित्र आणि इतिहास यांवरील तिच्या प्रकाशनांचा उल्लेख नेहमी होतो. ग्रीक विद्येच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली तिची प्रकाशने मात्र तुलनेने कमी परिचित आहेत.

त्यांत नसीरुद्दीन तूसी (१२०१–१२७४) यांच्या रिसालांचे दोन खंड प्रथम येतात. ते हि. स. १३५८–५९ (इ. स. १९३९–४०) मध्ये निघाले. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'नंतर आणि टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'पूर्वी जे ग्रीक ग्रंथ वाचावयाचे, त्यांना अरबीत 'मुतवस्सितात' म्हणजे मधले ग्रंथ म्हणत. तूसींनी त्यांची 'तहरीर', म्हणजे शुद्ध व सुबोध केलेली आवृत्ती, तयार केली होती. युक्लिडचे 'डेटा', थिओडोसियसचा गोलांवरील ग्रंथ, आर्किमिडीजचा गोल व वृत्तचिती यांवरील ग्रंथ, सूर्य-चंद्रांचे आकार व अंतरे यांवरील ॲरिस्टार्कसचा ग्रंथ आणि मेनेलॉसचा गोलीय भूमितीवरील ग्रंथ त्यांत आहेत. यांपैकी मेनेलॉसच्या ग्रंथाची ग्रीक संहिता नष्ट झाली असून तो मुख्यतः अरबी परंपरेमुळे टिकला आहे.

'तहरीर' हा प्रकार शिक्षकाने मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. युक्लिडच्या तहरीरमध्ये तूसींनी हज्जाज आणि साबित यांच्या दोन वेगळ्या भाषांतरपरंपरांची दखल घेतली आणि दोन्हींतील प्रमेयांचे क्रमांक वेगळे कळावेत म्हणून लाल व काळ्या शाईचा अवलंब केला. स्वतःची भर घालताना ती मूळ मजकुरात मिसळू नये याचीही काळजी घेतली. मूळ लेखकाचे म्हणणे कोठे संपते आणि टीकाकाराचे कोठे सुरू होते, हे वाचकाला दिसलेच पाहिजे, हा संपादनाचा नियम सातशे-आठशे वर्षांपूर्वी असा पाळला गेला. आजच्या कित्येक परीक्षोपयोगी पुस्तकांत तो पाळला जात नाही.

दुसरे महत्त्वाचे प्रकाशन म्हणजे १९४७ मध्ये निघालेले इब्न रुश्द (११२६–११९८) यांचे रिसाले. इब्न रुश्दांनी ॲरिस्टॉटलवर तीन पातळ्यांवर लेखन केले : संक्षिप्त 'जवामिअ', मध्यम 'तल्खीस' आणि विस्तृत 'तफ्सीर'. एकच ग्रंथ नवशिक्या, मध्यम आणि प्रगत वाचकाला कसा द्यावा याचा हा आदर्श आहे. हैदराबादच्या खंडात निसर्गशास्त्र, आकाश, उत्पत्ती व विनाश, अंतरिक्षातील घडामोडी, आत्मा आणि सत्ताशास्त्र या विषयांवरील सहा संक्षिप्त पुस्तिका आहेत.

यांखेरीज अब्दुर्रहमान अस्-सूफी यांचा ताऱ्यांवरील ग्रंथ १९५४ मध्ये, अल्-बिरूनींचा 'अल्-कानून अल्-मसऊदी' १९५४ ते १९५६ या काळात तीन खंडांत आणि राजींचा वैद्यकावरील 'अल्-हावी' १९५५ पासून क्रमाक्रमाने वीसहून अधिक खंडांत प्रसिद्ध झाला. सूफींनी टॉलेमीची ४८ तारकामंडले प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहिली आणि प्रत्येकाची दोन चित्रे दिली : एक आकाशात दिसते तसे, दुसरे खगोलावर दिसते तसे. 'अल्-हावी'त राजींनी हिपॉक्रेटीस, गेलन, रूफस आदींची मते कर्त्याच्या नावासह उतरवून घेतली असल्याने, मूळ ग्रंथ हरवलेल्या ग्रीक वैद्यांचे विचार शोधण्यास तो एक संदर्भकोशच ठरला आहे. चारमिनारच्या परिसरात यूनानी दवाखान्याची पाटी रोज दिसणाऱ्या शहरात 'यूनानी' या शब्दाचा अर्थ 'ग्रीक' असा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही.

दारुत्तर्जुमा आणि परिभाषेचे काम

१९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचा निर्णय झाला आणि उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्यासाठी त्याच वर्षी दारुत्तर्जुमा म्हणजे अनुवाद विभाग सुरू करण्यात आला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख होते. पाश्चात्त्य शास्त्रांचे शेकडो ग्रंथ येथे उर्दूत आणले गेले. बहुतेक अनुवाद इंग्रजीवरून झाले. 'उमराव जान अदा' या कादंबरीचे कर्ते मिर्झा मुहम्मद हादी रुसवा यांनी या विभागात काम करताना ॲरिस्टॉटलच्या निकोमाखसच्या नावे असलेल्या नीतिशास्त्राचा उर्दू अनुवाद केला. १९३१ मध्ये त्यांचे निधन हैदराबाद येथेच झाले. सय्यद हाशमी फरीदाबादी यांनी प्लुटार्कची चरित्रे 'मशाहीर-ए-यूनान-ओ-रोमा' या नावाने उर्दूत आणली. उस्मानिया विद्यापीठाशी संबंधित असलेले अजीज अहमद यांचा 'बूतीका' हा ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'चा अनुवाद १९४१ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूने प्रसिद्ध केला.

अनुवादाइतकेच मोलाचे काम परिभाषेचे होते. विषयवार समित्या शब्द निश्चित करीत आणि वहीदुद्दीन सलीम यांनी संज्ञा कशा घडवाव्यात यावर 'वज्अ-ए-इस्तिलाहात' हा स्वतंत्र ग्रंथ १९२१ मध्ये लिहिला. त्या काळी मराठवाड्याचे जिल्हे निजामाच्या राज्यात असल्याने तेथील अनेक मराठी विद्यार्थी उस्मानियात येऊन उर्दूतून ग्रीस-रोमचा इतिहास शिकले. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि ही पुस्तके व शब्दसूची वर्गाबाहेर गेली. पुढच्या पिढीने तेच विषय इंग्रजीतून किंवा मराठीतून नव्याने सुरू केले. एका भाषेत झालेले काम दुसऱ्या भाषेच्या शिक्षकापर्यंत पोहोचले नाही, ही या इतिहासातील खरी हानी होय.

एक शब्द, दोन चुका

परिभाषा चुकली तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण 'पोएटिक्स'चेच आहे. दहाव्या शतकात बगदादचे अबू बिश्र मत्ता (मृत्यू ९४०) यांनी हा ग्रंथ सुरयानीतून अरबीत आणला. त्यांच्यासमोर रंगभूमी नव्हती. 'ट्रॅजेडी' या शब्दासाठी त्यांनी 'मदीह' म्हणजे स्तुतिकाव्य आणि 'कॉमेडी'साठी 'हिजा' म्हणजे निंदाकाव्य असे शब्द योजले. इब्न रुश्दांसारख्या भाष्यकारानेही तेच शब्द स्वीकारले. तर्क, नीती आणि निसर्गशास्त्रात ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, त्यांना येथे नाटकाऐवजी कसीदा दिसला. बुद्धी कमी पडल्याने हे घडले नाही. ग्रीक नाटक म्हणजे काय हे सांगणारे साधन त्यांच्या हाताशी नव्हते.

या चुकीवर हसण्यापूर्वी मराठी शब्दाकडे पाहणे योग्य ठरेल. 'ट्रॅजेडी'साठी मराठीत 'शोकांतिका' रूढ आहे. या शब्दावरून विद्यार्थी असे धरून चालतो की नाटकाचा शेवट शोकात झालाच पाहिजे. ॲरिस्टॉटलची व्याख्या मात्र गंभीर व पूर्ण अशा कृतीच्या अनुकरणाविषयी आणि त्यातून जागणाऱ्या करुणा व भय या भावनांविषयी आहे. इस्किलसचे 'युमेनिडीज' समेटाने संपते. युरिपिडीजच्या तॉरिसमधील इफिजीनियाच्या नाटकात बहीण-भावाची ओळख पटून अनर्थ टळतो आणि चौदाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल नेमक्या अशाच रचनेची प्रशंसा करतो. तेराव्या प्रकरणात दुःखद शेवटाचाही तो पुरस्कार करतो हे खरे. पण ही दोन विधाने जुळवायची कशी, हा खरा अभ्यासाचा प्रश्न 'शोकांतिका' या शब्दामुळे विद्यार्थ्यापुढे येतच नाही. 'कॅथार्सिस'साठी योजला जाणारा 'विरेचन' हा शब्दही आयुर्वेदातून आला असून तो वाचकाला शारीरिक शुद्धीच्या एकाच अर्थाकडे वळवतो. अभ्यासक मात्र भावनांची शुद्धी आणि आकलनाची स्पष्टता असेही अर्थ सुचवतात. रूढ शब्द टाकून देण्याची गरज नाही. तो पुरेसा का नाही, एवढे शिक्षकाने सांगितले तरी पुष्कळ साधते.

नावांची किल्ली

दुसरी अडचण नावांची आहे. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी एकाच व्यक्तीविषयी बोलत असतात, पण ते त्यांना कळत नाही. पुढील जोड्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात : सुक्रात म्हणजे सॉक्रेटीस, अफलातून म्हणजे प्लेटो, अरस्तू म्हणजे ॲरिस्टॉटल, बुकरात म्हणजे हिपॉक्रेटीस, जालीनूस म्हणजे गेलन, उक्लीदिस म्हणजे युक्लिड, अर्शमीदस म्हणजे आर्किमिडीज, बतलीमूस म्हणजे टॉलेमी, फर्फूरियूस म्हणजे पॉर्फिरी. मराठीतही एकाच नावाची अनेक रूपे आहेत. 'ईडिपस' हे इंग्रजीवरून आलेले रूप आहे, तर पु. ल. देशपांडे यांनी आपल्या अनुवादाला 'राजा ओयदिपौस' असे ग्रीक उच्चाराजवळ जाणारे नाव दिले.

ग्रीक-रोमन जगाचे अवशेष नेहमीच्या बोलण्यातही आहेत. एखादी गोष्ट 'अफलातून' आहे असे म्हणणारा मराठी माणूस नकळत प्लेटोचे नाव घेत असतो. 'कानून' हा शब्द ग्रीक 'कॅनॉन'वरून अरबी-फारसीमार्गे आला, 'कंदील' लॅटिन 'कॅन्डेला'वरून. इब्न सीनांनी दिलेला 'दिरहम' आणि आपला 'दाम' हे दोन्ही ग्रीक 'द्राख्मे'चे वंशज होत. पहिल्या तासाला या चार शब्दांनी सुरुवात केल्यास विषयाचे परकेपण बरेच कमी होते.

या परंपरेची मर्यादा

अरबी परंपरेने ग्रीकांचे तत्त्वज्ञान, वैद्यक, गणित आणि ज्योतिष घेतले. महाकाव्य, नाटक आणि इतिहास मात्र फारसे घेतले नाहीत. हुनैन इब्न इसहाक यांना होमर ग्रीकमधून म्हणताना ऐकल्याची आठवण जुन्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. तरीही 'इलियड'चा संपूर्ण अरबी अनुवाद त्या युगात झाला नाही. लॅटिनमधून तर फारच थोडे आले. दहाव्या शतकात अंदलुसमध्ये झालेला ओरोसियसच्या इतिहासाचा अरबी अनुवाद हा लक्षणीय अपवाद आहे. व्हर्जिल, होरेस, ओव्हिड यांच्यासाठी या परंपरेत साहाय्य शोधणे व्यर्थ ठरेल. तेथे आधुनिक साधनांकडेच वळावे लागते.

आधुनिक साधने

अशी साधने चार प्रकारची आहेत. पहिला प्रकार समोरासमोरच्या अनुवादाचा. १९११ मध्ये जेम्स लोब यांनी सुरू केलेल्या लोब ग्रंथमालेत डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी अनुवाद असतो. ग्रीक ग्रंथांची बांधणी हिरवी, लॅटिनची लाल. दुसरा प्रकार शब्दकोशांचा : ग्रीकसाठी लिडेल आणि स्कॉट यांचा १८४३ मध्ये प्रथम निघालेला कोश, लॅटिनसाठी लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश. तिसरा प्रकार विषयकोशांचा : ऑक्सफर्ड क्लासिकल डिक्शनरी १९४९ मध्ये प्रथम आणि २०१२ मध्ये चौथ्या आवृत्तीत निघाली. सामान्य वाचकासाठी अभिजात वाङ्मयाचा ऑक्सफर्ड कम्पॅनियन (१९३७) अधिक सोयीचा आहे. चौथा प्रकार संगणकीय संग्रहांचा. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संग्रहात मूळ संहिता, अनुवाद आणि कोश एकमेकांशी जोडलेले असून तो विनामूल्य वापरता येतो. ग्रीक-अरबी अनुवादचळवळीसाठी दिमित्री गुटास यांचा १९९८ चा ग्रंथ आणि गुटास व एन्ड्रेस यांचा ग्रीक-अरबी कोश उपयुक्त आहेत.

मराठीत मराठी विश्वकोशातील ग्रीक व लॅटिन साहित्यावरील नोंदी, दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) आणि विंदा करंदीकर यांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) ही आरंभीची साधने होत. विश्वकोश आता संगणकावरही उपलब्ध आहे.

ही साधने वापरण्यासाठी संदर्भ देण्याची पद्धत ठाऊक असावी लागते. प्लेटोच्या कोणत्याही अनुवादात समासात '५१४अ' असे आकडे दिसतात. ती १५७८ मध्ये आँरी एस्तिएन याने छापलेल्या आवृत्तीची पृष्ठे असून अक्षर पानाचा भाग दाखवते. 'रिपब्लिक'मधील गुहेचे रूपक ५१४अ येथे सुरू होते. ॲरिस्टॉटलसाठी इमानुएल बेकर याच्या १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचे आकडे वापरतात. त्यात अ आणि ब म्हणजे पानावरील दोन स्तंभ. 'पोएटिक्स' १४४७अ ते १४६२ब एवढ्यात येते आणि ट्रॅजेडीची व्याख्या १४४९ब येथे आहे. होमरचा संदर्भ सर्ग आणि ओळ यांनी दिला जातो. 'इलियड' आणि 'ओडिसी' यांचे प्रत्येकी २४ सर्ग आहेत. या आकड्यांचा मोठा लाभ असा की एका विद्यार्थ्याकडे उर्दू, दुसऱ्याकडे मराठी आणि तिसऱ्याकडे इंग्रजी अनुवाद असला तरी तिघांना एकच जागा काढता येते. अनुवादात आकडे नसल्यास शिक्षकाने ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवावेत. हे एका दुपारचे काम पुढे अनेक वर्षे उपयोगी पडते.

वर्गातील उपयोग : 'पोएटिक्स'

आठ शीर्षकांची चौकट या ग्रंथाला लावून पाहता येते. हेतू : काव्य म्हणजे काय, त्याचे प्रकार कोणते आणि चांगली रचना कशी होते, हे सांगणे. उपयोग : नाटक व महाकाव्य यांच्या परीक्षणाची साधने मिळणे. शीर्षक : 'पोइएतिके', म्हणजे रचण्याची कला, अरबी-उर्दू 'बूतीका' त्याचेच रूप. कर्ता : ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२); ग्रंथ प्रकाशनासाठी घोटून लिहिलेला नसून अध्यापनाच्या टिपणांसारखा आहे, म्हणून तो तुटक वाटतो. शास्त्र : येथे एक गंमत आहे. अलेक्झांड्रियाच्या आणि त्यांच्यामागून अरबी अभ्यासकांनी हा ग्रंथ तर्कग्रंथांच्या मालिकेत ठेवला, तर आजचे अभ्यासक तो साहित्यविचारात ठेवतात. स्थान : सोफोक्लीजचे एक तरी नाटक वाचल्यानंतर वाचावा. विभाग : एकूण २६ प्रकरणे, १ ते ५ अनुकरणाविषयी सामान्य विवेचन, ६ ते २२ ट्रॅजेडी, २३ व २४ महाकाव्य, २५ आक्षेप व त्यांची उत्तरे, २६ ट्रॅजेडी व महाकाव्य यांची तुलना, कॉमेडीवरील भाग हरवला आहे. पद्धत : व्याख्या, मग तिचे घटक, मग प्रत्येक घटकाची सोदाहरण चर्चा.

एवढे एका पानावर बसते. विद्यार्थ्याने ते हाती घेऊन सहावे प्रकरण वाचले की कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य हे सहा घटक पाठ करण्याची यादी म्हणून त्याच्यापुढे येत नाहीत; व्याख्येतून ते कसे निघतात हे दिसू लागते. असे एक पान प्रत्येक नेमलेल्या ग्रंथासाठी शिक्षकांनी वाटून घेऊन तयार करावे, त्यात मराठी, उर्दू आणि इंग्रजी संज्ञा शेजारी द्याव्यात आणि अनिश्चित शब्दांपुढे तशी खूण करावी. तीन-चार वर्षांत महाविद्यालयाची स्वतःची मार्गदर्शिका उभी राहील.

समारोप

ग्रीक-रोमन वाङ्मयाकडे जाणारा रस्ता केवळ इंग्रजीतून जातो, असे समजण्याचे कारण नाही. त्या रस्त्याचा एक जुना टप्पा हैदराबादमध्ये होता : तेथे मूळ ग्रंथांच्या अरबी आवृत्त्या ताडून छापल्या गेल्या, उर्दूत अनुवाद झाले, संज्ञा घडवल्या गेल्या. ही सामग्री काही अंशी ग्रंथालयांत आजही आहे, परंतु तिचा वर्गाशी असलेला संबंध तुटला आहे. तो जोडण्यासाठी मोठ्या निधीची किंवा ग्रीक भाषेवरील प्रभुत्वाची अट नाही. नावांची किल्ली, संदर्भाचे आकडे, संज्ञांविषयीची सावधगिरी आणि आठ प्रश्नांचे एक पान एवढी तयारी कोणत्याही कम्युनिटी कॉलेजातील शिक्षकाच्या आवाक्यातली आहे. मात्र ही तयारी मूळ ग्रंथाची जागा घेऊ शकत नाही. तीन दिरहमच्या पुस्तकाचा उपयोग झाला, तो आधीच्या चाळीस वाचनांमुळे. विद्यार्थ्याकडून चाळीस वाचनांची अपेक्षा करता येणार नाही, परंतु निदान एक वाचन मूळ ग्रंथाचे व्हावे, ही जबाबदारी शिक्षकाला टाळता येणार नाही.